पाश्चात्त्य कलासंप्रदाय : साष्टी व मुंबईतील पडसाद

पाश्चात्त्य दृश्यकलेच्या इतिहासात समान कलाविषयक भूमिका, समान तंत्र किंवा पूर्वसूरींविरुद्धचे समान बंड यांमुळे एकत्रितपणे ओळखल्या जाणाऱ्या कलावंतांच्या समूहास वा प्रवाहास ‘कलासंप्रदाय’ अशी संज्ञा आहे. गॉथिक, प्रबोधनकालीन, रीतिलाघववादी, बरोक, रोकोको, नव-अभिजाततावादी, स्वच्छंदतावादी, वास्तववादी, दृक्‌प्रत्ययवादी, घनवादी, अभिव्यक्तिवादी, अतिवास्तववादी अशी त्यांची साखळी कलाशाळांच्या क्रमिक पुस्तकांतून सर्वपरिचित झालेली आहे. ही साखळी स्मरणास सोयीची असली, तरी आकलनास फारशी उपकारक नाही. एक संप्रदाय संपला आणि दुसरा सुरू झाला असे तीमधून भासते. प्रत्यक्षात प्रत्येक संप्रदाय हा आधीच्या संप्रदायाशी झालेल्या भांडणातून जन्मास आला. ते भांडण वजा केल्यास उरतात त्या केवळ शैलींच्या नामपट्ट्या. मुंबई बेट व त्याच्या उत्तरेचे साष्टी बेट (ज्यावर अंधेरी, मालाड, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची उपनगरे वसली आहेत) या प्रदेशात पाश्चात्त्य संप्रदाय गेली साडेचारशे वर्षे येत राहिले. ते बहुधा भांडणावाचून आले आणि मूळ क्रमही त्यांनी पाळला नाही. त्यांपैकी काय रुजले व काय वरवरचे राहिले, हे पाहिल्यास संप्रदाय या कल्पनेचे मर्मही अधिक स्पष्ट होते.

प्रथम नावांचाच विचार करणे इष्ट ठरेल. पाश्चात्त्य संप्रदायांची कितीतरी नावे मुळात शिव्या होत्या. मध्ययुगीन चर्चवास्तूंची शैली रानटी गॉथ टोळ्यांना शोभणारी आहे, या प्रबोधनकालीन इटालियन लेखकांच्या कुत्सित भावनेतून ‘गॉथिक’ हे नाव आले. ‘बरोक’ हा शब्द ओबडधोबड मोती या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला असावा, असे सामान्यतः मानतात. पॅरिसमध्ये १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या कार्यशाळेत काही चित्रकारांनी अधिकृत सलाँला डावलून प्रदर्शन भरविले. त्यातील मॉनेच्या सूर्योदयाच्या चित्राच्या शीर्षकातील ‘इंप्रेशन’ हा शब्द उचलून लूई लरॉय या पत्रकाराने सर्वांचीच टर उडविली आणि त्या टवाळीचेच पुढे संप्रदायनाम झाले. लूई व्होसेल या समीक्षकाने १९०५ मध्ये मातीस व त्याच्या सहकाऱ्यांना ‘हिंस्र पशू’ म्हटले, तर १९०८ मध्ये ब्राकच्या निसर्गचित्रांत सर्व काही ‘घनाकृतीं’त कोंबले आहे अशी तक्रार केली. मराठीत ही नावे येताना त्या प्रत्येकास ‘-वाद’ हा दर्शनशास्त्रातील प्रत्यय लागला. दृक्‌प्रत्ययवाद, रंगभारवाद, घनवाद ही नावे सांख्य किंवा अद्वैत यांच्या पंक्तीत बसतील इतकी गंभीर दिसतात. परिभाषा म्हणून ती निर्दोष आहेत. परंतु त्यांतील कुचेष्टा आणि त्या कुचेष्टेला छाती पुढे काढून दिलेले उत्तर मराठी वाचकापर्यंत पोहोचले नाही. परिणामी या संप्रदायांकडे सिद्धांत म्हणून पाहण्याची सवय येथे जडली. मॉनेने आधी दृक्‌प्रत्ययाचा सिद्धांत मांडून मग नदीकाठी चित्रफलक लावला, असे काही घडलेले नाही.

साष्टीत पाश्चात्त्य कला प्रथम आली ती चित्रफलकावर नव्हे, तर चुन्या-दगडात. वसई व साष्टी हा मुलूख १५३४ च्या तहान्वये गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यानंतर लवकरच, १५४० च्या दशकात, फ्रान्सिस्कन पंथाच्या अंतोनियो दो पोर्तू याने बोरिवलीजवळील मंडपेश्वर (सु. सहावे शतक) या शैव लेण्याचे प्रार्थनास्थळात रूपांतर केले; लेण्याच्या माथ्यावर मठ व विद्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. स्तंभयुक्त मंडप, त्याच्या बाजूच्या दालनातील नृत्यरत शिवाचा मोठा शिल्पपट आणि डोक्यावर उघड्या आभाळाखालील चुनेगच्ची भिंतींचे पडके अवशेष असे या स्थळाचे आजचे स्वरूप आहे. भिंतीवर कोरलेला क्रूसही तेथे दिसतो. साष्टी व वसई १७३७–३९ मध्ये मराठ्यांनी जिंकल्यावर लेण्याचे स्वरूप पुन्हा पालटले. इंग्रजी अमलात ते परत ख्रिस्ती उपासनेकडे गेले आणि अखेरीस संरक्षित स्मारक झाले. कोणत्याही युरोपीय कलेतिहासाच्या ग्रंथात मंडपेश्वराला स्थान नाही. तथापि एका कलापरंपरेने दुसरीस अक्षरशः भिंतीआड केल्याचे इतके उघड उदाहरण पश्चिम भारतात क्वचितच आढळेल.

हा काळ युरोपात रीतिलाघववादाकडून बरोककडे जाण्याचा होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५४५–६३) धार्मिक प्रतिमा भाविकाला सहज कळेल व त्याच्या भावनेला हात घालील अशी असावी, असा आग्रह धरला. प्रतिमाभंजक प्रॉटेस्टंटांना दिलेले ते उत्तर होते. रोममधील जेझुइटांचे इल जेझू हे चर्च (१५६८–८४) आणि त्यामागोमाग आलेले काराव्हाद्जोचे (१५७१–१६१०) अंधारातून उजळणारे, मळक्या पायांचे संत यांच्यामागे हा वाद उभा आहे. जेझुइटांनी हीच वास्तुभाषा गोव्यास आणली. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या (१५९४–१६०५) दर्शनी भागावर डोरिक, आयोनिक, कॉरिंथियन हे स्तंभप्रकार मजल्यामजल्याने रचलेले दिसतात. साष्टीत अंधेरीच्या पूर्वेस कोंडिवटे-मरोळ भागात त्यांनी १५७९ मध्ये संत योहान बाप्तिस्ताचे चर्च बांधले. साथीच्या रोगामुळे १८४० मध्ये ते सोडण्यात आले व उपासकवर्ग मरोळ येथील नव्या चर्चकडे गेला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या निर्यात औद्योगिक क्षेत्राच्या (‘सीप्झ’) कुंपणात हे भग्न चर्च आज उभे आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू व जडजवाहिरांच्या कारखान्यांच्या मधोमध. साष्टीतील श्रोतृवर्गाला ल्यूथरचे नावही ठाऊक नव्हते. येथील वादाचा प्रतिपक्ष होता तो मंडपेश्वराचा शिल्पपट. म्हणजे रोममध्ये जी शैली युक्तिवाद होती, ती येथे फर्मान झाली. चर्चच्या बांधणीत व विशेषतः गोव्यातील वेदींच्या लाकडी कोरीवकामात स्थानिक कारागिरांनी आपली पाने, फुले व चेहरेपट्टी हळूच आणली, एवढेच काय ते प्रत्युत्तर.

दुसरा प्रवेश शाळेतून झाला. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाशासह रेखाटन करणे, यथादर्शनाचे नियम गिरविणे, मग जिवंत प्रतिमानावरून अभ्यास करणे हा युरोपीय अकादमींचा क्रम येथे आला. आल्बेर्तीने १४३५ मध्ये ग्रंथबद्ध केलेले रेषीय यथादर्शन हा फ्लॉरेन्समध्ये शोध होता. मुंबईत तो परीक्षेचा विषय झाला. मात्र हा काळ केवळ अनुकरणाचा होता, हा रूढ अभिप्राय अपुरा आहे. जॉन ग्रिफिथ्सच्या नेतृत्वाखाली या शाळेचे विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्याच दशकात पॅरिसमधील बंडखोर चित्रकार जपानी मुद्राचित्रांकडून सपाट रंगक्षेत्रे व अकल्पित कोन शिकत होते. यथादर्शनाच्या जुलमातून सुटण्याचा मार्ग पॅरिसला पूर्वेकडे दिसला. अजिंठ्याच्या भिंतीसमोर महिनोन्‌महिने बसलेल्या मुंबईच्या विद्यार्थ्यांना तो मार्ग हातभर अंतरावर असूनही दिसू दिला गेला नाही, कारण त्यांच्याकडून अपेक्षा होती ती नोंदीची.

या शिक्षणातून आलेले श्रेष्ठ काम मात्र सच्चे आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी जलरंगांत व रेखाटनांत मराठी व मुंबईकर समाजाचे पेहराव, मिरवणुका, लग्ने यांचा जो संभार टिपला, त्याला सलाँची भाषा पुरेशी होती. गणपतराव म्हात्रे (१८७९–१९४७) यांची ‘मंदिरपथगामिनी’ ही शिल्पाकृती १८९६ ची. ग्रीक वस्त्रशिल्पाचे सर्व शिक्षण तिच्या नऊवारीच्या चुण्यांत उतरले आहे आणि तरी ती ग्रीक वाटत नाही. रॉदँचा ‘बाल्झाक’ दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला व त्याच्यावर गहजब उडाला. दोन्ही कृती शेजारी ठेवून म्हात्रे ‘मागासलेले’ होते असे म्हणणे, हा साखळीच्या कल्पनेचा दुष्परिणाम होय. मुंबईत त्या वेळी मोडण्याजोगी अकादमी नव्हती. ती नुकतीच घडत होती. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (१८६०–१९३१) यांची कोटितीर्थ तलावाची प्रकाशभारित चित्रे दृक्‌प्रत्ययवादाशी नेहमी ताडून पाहिली जातात. हे साम्य खरे असले, तरी त्यांच्यापुढे पाण्यावरचा प्रकाश होता, संप्रदाय नव्हे. म्हणूनच ती टिकली.

तिसऱ्या प्रवेशाची कथा उपनगरातील एका चित्रपट-निर्मितिगृहापाशी सुरू होते आणि कलेतिहासकारांनी तिची पुरेशी दखल घेतलेली नाही. हिमांशु राय व देविकाराणी यांनी १९३४ मध्ये मालाड येथे बाँबे टॉकीज ही संस्था स्थापन केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक योझेफ व्हिर्शिंग व नेपथ्यकार कार्ल फोन स्प्रेती हे जर्मन तंत्रज्ञ तेथे काम करीत. जर्मन अभिव्यक्तिवाद चित्रकलेत १९०५ च्या सुमारास सुरू झाला; रोबेर्ट व्हीनेच्या ‘डॉ. कॅलिगारी’पासून (१९२०) त्याने पडद्यावर प्रवेश केला. त्या चित्रपटात सावल्या चक्क रंगवून काढलेल्या होत्या. मालाडमध्ये सावल्या दिव्यांनी पाडल्या गेल्या. ‘अछूत कन्या’ (१९३६) मध्ये ही प्रकाशयोजना संयत आहे. परंतु व्हिर्शिंगनेच छायालेखन केलेल्या, कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ (१९४९) मध्ये ओसाड वाडा, झुलते झुंबर, अर्धा चेहरा गिळणारा अंधार यांतून मनाची अस्थिरता वास्तूवर प्रक्षेपित करण्याची अभिव्यक्तिवादी रीत पूर्णत्वाने प्रकटते. दुसऱ्या महायुद्धाचा प्रारंभ होताच इंग्रज सरकारने या जर्मन तंत्रज्ञांना स्थानबद्ध केले होते. युद्धानंतर परतलेल्या व्हिर्शिंगचे हे काम आहे. पुनर्जन्माच्या कथेला म्यूनिकचा अंधार असा चपखल बसला, की लक्षावधी प्रेक्षकांनी तो परका मानलाच नाही. ज्या वर्षी ‘महल’ प्रदर्शित झाला, त्याच वर्षी प्रोग्रेसिव्ह गटाचे पहिले प्रदर्शन मुंबईत भरले. युरोपीय आधुनिकता मुंबईत आणल्याचे श्रेय सहसा या चित्रकारांना दिले जाते. प्रेक्षकसंख्येचा विचार करता ते अगोदरच मालाडने घेतलेले होते.

मुंबई शहरात याच सुमारास दुसरे जर्मनभाषक पाहुणे होते. नाझींच्या छळातून निसटलेले. व्हिएन्नाचा चित्रकार व्हाल्टर लांगहामर, समीक्षक रूडॉल्फ फोन लायडेन व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांच्या घरी तरुण मराठी, गोमंतकीय व गुजराती चित्रकारांनी आधुनिक कलेची पुस्तके व छापील प्रतिकृती पाहिल्या. म्यूनिकमध्ये १९३७ साली नाझींनी ज्या कलेचे ‘अधोगत’ म्हणून जाहीर प्रदर्शन मांडले, तीच ही कला. मुंबईकर तरुणांना सेझान, व्हान गॉख, पिकासो, मातीस, क्ले हे सर्व एकाच संध्याकाळी, एकाच आकारात, पानापानांवर भेटले. ज्यांच्यामध्ये तीसचाळीस वर्षांचे झगडे होते ते समकालीन वाटले, हाताएवढे चित्र व भिंतीएवढे चित्र सारखेच दिसले आणि रंगाचा थर, कुंचल्याचा पोत छपाईत हरवला.

फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२), सैयद हैदर रझा (१९२२–२०१६), मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा, एच. ए. गाडे व शिल्पकार सदानंद बाक्रे यांनी १९४७ मध्ये स्थापलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपच्या कामात या प्रतिकृतिदर्शनाच्या खुणा स्पष्ट आहेत. त्यांच्या आरंभीच्या चित्रांतील बराचसा भाग पॅरिसच्या पुस्तकाचे सुरस भाषांतर आहे, हे मान्य करावयास हवे. गाडे व रझा यांच्या त्या वेळच्या भूमितीय नगरदृश्यांत घरे घनाकार होतात ती आतून काही उकलण्याची निकड भासते म्हणून नव्हे. सूझाचे तसे नाही. त्याच्या जाड काळ्या बाह्यरेषा व खिळे ठोकल्यासारखे चेहरे रूओवरून आले असे म्हटले जाते. पण सूझाचे बालपण गोव्यात, पोर्तुगीज चर्चमधील रक्तबंबाळ ख्रिस्तमूर्तींच्या सावलीत गेले. जी बरोक प्रतिमा साष्टीत व गोव्यात फर्मान म्हणून आली होती, तिच्याशी चारशे वर्षांनंतर कोणीतरी अखेर हुज्जत घातली, ती सूझाने. गटातील बाकीच्यांना बंडासाठी मुंबईची कलाशाळा तेवढी होती (१९४५ मध्ये सूझाला तिने काढून टाकले होते). सूझापाशी आणखी खोलचा प्रतिपक्ष होता. तो १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला गेला. गट १९५६ मध्ये विसर्जित झाला.

गटाच्या परिघावरील दोघांचे कार्य त्याहून टिकाऊ ठरले. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्यावर प्रारंभी क्लेचा ठसा होता. पुढे रोलर व चाकू वापरून रंगाचे थर चढविण्या-उतरविण्याच्या त्यांच्या पद्धतीत आकृती विरून गेली. आपल्या कामास ‘अमूर्त’ म्हणण्यास त्यांचा विरोध होता. वस्तूपासून काही वजा करून ते चित्रापर्यंत आले नव्हते, एवढेच त्यांचे म्हणणे. तय्यब मेहता (१९२५–२००९) यांचा मार्ग अधिक बोधप्रद आहे. फाळणीच्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एका माणसाचा जमावाकडून झालेला वध पाहिला. लंडनमधील वास्तव्यात (१९५९–६४) फ्रान्सिस बेकनची वेदनाग्रस्त शरीरे त्यांना जवळची वाटली. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला बार्नेट न्यूमनच्या विशाल सपाट रंगक्षेत्रांना छेदणाऱ्या उभ्या पट्ट्या त्यांनी पाहिल्या. न्यूमनची पट्टी शांत, जवळजवळ उपनिषदीय आहे. मेहतांनी ती तिरपी केली व तिने मानवी आकृती कापली. १९६९ नंतरच्या त्यांच्या ‘डायगोनल’ मालिकेत एकाच देहाचे दोन तुकडे कॅनव्हासच्या दोन बाजूंस पडलेले दिसतात. त्यानंतर १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जखडून पाडलेला बैल येतो. हा बैल, तो जमाव व न्यूमनची पट्टी एकत्र येतात तेव्हा पाश्चात्त्य संप्रदाय येथे उसना राहत नाही. मूळच्या भांडणाची जागा स्वतःच्या भांडणाने भरून निघालेली असते.

पुढील पिढीतील अतुल दोडिया (१९५९– ) यांचा जन्म घाटकोपरचा व चित्रशाळाही तेथेच. मुंबईच्या कलाशाळेतून १९८२ मध्ये पदवी घेतल्यावर ते छायाचित्रसदृश, संयत वास्तववादी चित्रे रंगवीत. फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९९१–९२ मध्ये ते पॅरिसला राहिले आणि पुस्तकात पाहिलेली चित्रे त्यांनी मूळ आकारात पाहिली. अनेकांच्या बाबतीत अशा दर्शनाने हात थिजतो. दोडिया यांच्या बाबतीत तो सुटला. ‘बाँबे बकॅनियर’ (१९९४) या आत्मचित्रात ते ‘बाजीगर’ या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीतील नायकाच्या आविर्भावात पिस्तूल रोखून उभे आहेत आणि काळ्या चष्म्याच्या दोन भिंगांत डेव्हिड हॉकनी व भूपेन खक्कर यांचे चेहरे परावर्तित झाले आहेत. ‘गंगावतरण’ (१९९८) मध्ये राजा रविवर्म्याच्या पौराणिक चित्राची द्यूशाँच्या जिना उतरणाऱ्या नग्नाकृतीशी (१९१२) सांगड आहे. दोन्हींत काहीतरी खाली उतरते, एवढ्या धाग्यावर. हा विनोद क्षुल्लक नाही. संप्रदायांची साखळी ज्या क्रमाने शिकविली गेली तो क्रम उपनगरातील मुलाच्या डोळ्यांना कधीच लागू नव्हता, कारण तेथे कॅलेंडरवरील देवी, चित्रपटाचे फलक व ग्रंथालयातील पिकासो एकाच वयात भेटतात. दोडिया यांनी ही उणीवच चित्राची रीत म्हणून वापरली. अर्थात त्यांच्या काही चित्रांत उद्धृतांची गर्दी इतकी होते, की ती ओळखण्याच्या आनंदापलीकडे प्रेक्षक जात नाही. संदर्भज्ञान हे अनुभवाऐवजी चालत नाही, ही तक्रार त्यांच्या संदर्भात गैरलागू म्हणता येणार नाही.

त्यांच्या शटरचित्रांना मात्र ही तक्रार लागू पडत नाही. गुंडाळून वर जाणारे पत्र्याचे शटर ही मुंबईच्या प्रत्येक दुकानाची रोजची वस्तू. १९९२–९३ च्या दंगलींनंतर ते धाडकन खाली ओढले जाण्याच्या आवाजाला या शहरात निराळा अर्थ आला. सन २००० च्या सुमारापासून दोडिया यांनी अशा शटरांवर व त्यांमागील फलकांवर चित्रे रंगविली; त्यांपैकी काही लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००१ साली दाखविली गेली. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कृतीत शटर बंद असता त्याच्या पन्हाळीदार पत्र्यावर कॅलेंडरातील लक्ष्मी दिसते, दुकानदाराने पहाटे उदबत्ती ओवाळावी तशी. शटर वर सरकविले की देवी पट्टीपट्टीने गुंडाळली जाते आणि मागच्या फलकावर हुंड्याच्या धास्तीने गळफास घेतलेल्या तीन बहिणी दृष्टीस पडतात.